नानांची सुकती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. नानांनी त्या दुपारी फोनवर मला जे सांगितलं ते मला नीट कळलं होतं. कळलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. कारण मी घाटावरचा, आणि नानांनी वापरलेला शब्द कोकणातला. घाटावरच्या माणसाला तो कळला नसेल यात कुणालाच नवल वाटलं नाही. नानांनाही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. मला इतकी वर्षं भीती वाटत आली आहे ती या शेवटच्या वाक्याची.

पण आधी नाना सांगायला हवेत.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तरी सांगली-मिरजेकडची माणसं अजून बसनेच कोकण बघायला यायची. एका छोट्या सहलवाल्याकडे मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे माणसं मोजणारा, पाण्याचे कॅन भरून घेणारा आणि शिव्या खाणारा. सहल स्वस्तातली. रत्नागिरीत मुक्काम एका मंगल कार्यालयात, सतरंजी आणि उशी. तिकिटात थिबा राजवाडा, किल्ला आणि मांडवीचा किनारा एवढंच धरलेलं. बाकीची सगळी 'जादाची स्थळं'. पावस जादा, गणपतीपुळे-मालगुंड जादा, किल्ल्याखालचं भुयार जादा, होडीतून डॉल्फिन जादा, आणि आमच्या मालकांच्या डोक्यातून निघालेली भाट्याच्या खाडीतली पुळण, तीही जादा. खाडीच्या तोंडाशी पाणी उतरलं की वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. गुडघाभर पाण्यातून चालत त्याच्यावर जायचं, शिंपले वेचायचे, सूर्यास्त बघायचा आणि परत यायचं. मालकांनी त्याला 'बेटदर्शन' असं नाव दिलं होतं. धंदा सगळा जादावर चालायचा.

आणि ही जादाची स्थळं लोकांना समजावून सांगायला मालकांनी स्थानिक माणूस नेमला होता, तो म्हणजे नाना.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म ट्रंक कॉल जोडण्यात गेला. उंच, वाकलेले, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि उन्हापावसात, देवळात, राजवाड्यात कुठेही हातात छत्री. राजवाड्यात छत्री कशाला असं कुणी विचारलं तर वर छताकडे बोट दाखवून म्हणायचे, "वटवाघळं. ती काही खात्याला कळवून येत नाहीत." माडाखालून ते कधी चालत नसत. रत्नागिरीत राहून माडाखालून न चालणं म्हणजे किती वळसे घालावे लागतात ते त्यांच्याबरोबर फिरल्यावरच कळायचं. मासे जेवायला बसले की एकेक काटा शोधून ताटाच्या कडेला मांडत. त्यांच्या बायकोला सगळे नानी म्हणत. त्या दारात बसून म्हणायच्या, "ह्यांचं जेवण नव्हे हो, झडती असते. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा भटजींना विचारत होते, पलीकडे तीच आहे ना, बघून घ्या एकदा."

"मग? खात्री करायला नको?" नाना आतून ओरडायचे.

"केलीत ना? मग आता जेवा."

त्यांची आणखी एक सवय होती, आणि ती सहलीतल्या लोकांना फार विनोदी वाटायची. काहीही सांगून झालं की ते विचारत, "पोचलं का?" समोरचा "पोचलं" म्हणेपर्यंत पुढे सरकत नसत. जुन्या काळी मुंबईची लाइन इतकी खराब असायची की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, पण मध्ये बसलेल्या नानांना दोघांचंही यायचं. मग नानाच निरोप्या. "ते म्हणतात, आई सकाळी गेली. पोचलं का? ते म्हणतात, तुम्ही आल्याशिवाय हलवणार नाहीत. पोचलं का?" हे सांगताना त्यांचा आवाज अजून खाली जायचा. "एकदा एकाला मुलगा झाला होता आणि मला मुलगी ऐकू आलं. मी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून वाचलो. माझ्या तोंडून चुकीचं कधी गेलं नाही. एकदासुद्धा नाही."

याच्यापलीकडे त्यांना कशाचा अभिमान होता असं मला आठवत नाही.

रात्रीचं जेवण झालं की जादाची स्थळं ठरवायची वेळ. लोक सतरंजीवर ऐसपैस बसलेले असायचे, बडीशेप फिरायची, आणि नाना मध्ये छत्री टेकून उभे राहायचे. दुसरा कुठलाही गाइड असता तर त्याने डॉल्फिन कसे उड्या मारतात ते सांगितलं असतं. नाना मुलाखत घ्यायचे.

"तुम्हाला डॉल्फिन बघायचेत? कशाला?"

"कशाला म्हणजे? बघायला की."

"आणि त्यांनी जवळ येऊन तुम्हाला बघितलं तर? होडी लहान असते. पोचलं का?"

मग दुसऱ्याकडे. "जिना उतरताना कठड्याला हात लावता का?"

"नाही बा. अजून दणकट आहे मी."

"मग भुयार तुम्हाला नको. कठड्याला हात न लावणारे पहिले पडतात."

एका बाईंना त्यांनी विचारलं होतं, घरातून निघताना कुलूप किती वेळा ओढून बघता? बाई लाजून म्हणाल्या, तीन-चार वेळा. नाना एकदम खूश झाले. "या. तुम्ही कुठेही जा. तुम्हाला काही होणार नाही." सगळ्या बायका हसल्या, आणि त्यानंतर जी ती उठून "नाना, मी कुठं जाऊ?" विचारायला लागली. शेवटी निम्म्या लोकांनी फुकटातला मांडवीचा धक्का निवडला, की तिथे बसायचं, शेंगदाणे खायचे आणि समुद्र लांबून बघायचा. नाना त्यांना सोबत म्हणून स्वतः जाऊन बसले. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला फोनवर काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात नाना लोकांना दोन-दोनच्या रांगेत, पावलं न वाजवता वरच्या मजल्यावर नेत. जुनं लाकूड आहे, सगळे एकदम चढले तर खालचे वर आणि वरचे खाली होतील, असं म्हणत. वरच्या गॅलरीतून खाडी दिसते. तिथे उभे राहून ते थिबा राजाचं सांगायचे. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला, आणि तो इथून रोज पाण्याकडे बघत बसायचा. एवढं सांगून ते वळून म्हणत, "त्याला रत्नागिरी कुणी विचारून दिली नव्हती. तुम्हाला रोज रात्री विचारतो आम्ही, कुठे जायचं ते. मग नीट घाबरून निवडा ना."

'घाबरून निवडा' हे त्यांचं ठरलेलं होतं. तरुण पोरं त्याची नक्कल करायची. चहा मागताना सुद्धा, "साधा की स्पेशल?" "थांब, घाबरून निवडतो."

मी स्वतः हसायचो नाही. कारण मला खरोखरच भीती वाटायची. मी जतकडचा. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसतं ते. समुद्राच्या आवाजाने पहिल्या हंगामात मला झोप लागत नसे. कुणीतरी सतत दार लोटतंय असं वाटायचं. हे मी कुणाला बोललो नव्हतो, मुळातच मी कमी बोलणारा. पण नानांनी ओळखलं. एकदा धक्क्यावर मी पाण्याकडे पाठ करून उभा होतो तेव्हा शेजारी येऊन म्हणाले, "घाबरता ना? छान. तुमच्या मालकाने चुकून बरा माणूस धाडला."

तेव्हापासून ते मला 'अहो मॅनेजर'वरून 'अरे'वर आले.

आणि मग तो दिवस. यात्रेकरू दुपारी आडवे झाले होते. नाना मला राजिवड्याच्या मच्छीमार वस्तीच्या बाजूला खाडीवर घेऊन गेले. आम्ही दोघंच होतो. उतरत्या पायऱ्या होत्या, खालच्या दोन पाण्यात. नाना स्वतः कोरड्या पायरीवर छत्री धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "चपला काढ. पाय टाक."

मी नको म्हणालो.

"अरे मेल्या, घोट्याएवढं आहे. आणि मी शर्टाची कॉलर धरून ठेवलीय तुझी. टाक."

मी पायरीच्या पुढच्या वाळूत पाय टाकला. वरून पाणी शांत दिसत होतं, आरशासारखं. पण घोट्याशी काहीतरी ओढत होतं. टाचेखालची वाळू सरकायला लागली. एका जागी उभा असूनही मी चालतोय असं वाटत होतं, समुद्राच्या दिशेने. मी ओरडून नानांचा हात धरला.

"ही सुकती," नाना म्हणाले. "तुमच्या शाळेतल्या पुस्तकात ओहोटी म्हणतात ती. पण तुम्ही घाटावरची माणसं सुकती ऐकलंत की म्हणाल, सुकलं, म्हणजे पाणी संपलं. तसं नाही. पाणी सुकत नाही, पाणी निघतं. आणि खाडीच्या तोंडाला निघतं तेव्हा हाताला लागेल ते घेऊन निघतं. पुळणीवर न्यायचं ते सुकती पुरी झाली की. पाणी थांबलं की. चालू सुकतीत नाही. माणूस तिकडे," त्यांनी छत्रीने लांब, जिथे खाडी संपून नुसता समुद्र होता तिकडे दाखवलं, "तिकडे जातो. पोचलं का?"

"पोचलं, नाना."

"परत सांग."

मी परत सांगितलं. शब्द न शब्द. ते समाधानाने हसले, आणि मला पायरीवर ओढून घेतलं.

हे घडलं तेव्हा तिथे तिसरं माणूस नव्हतं.

त्यानंतर पुळणीची वेळ रोज नाना ठरवायचे. कधी पहाटे, कधी भर उन्हात, कधी "आज नाहीच." मालकांना संध्याकाळ हवी असायची, सूर्यास्तासाठी. नाना म्हणायचे, सूर्य रोज मावळतो, त्याला वेगळं दर्शन कशाला?

पुढच्या हंगामाच्या शेवटी शेवटी नानांना ताप आला. गाडीत त्या वेळी सांगलीच्या एका कॉलनीतला मोठा घोळका होता आणि त्यांचे म्होरके एक गुळाचे व्यापारी. सगळे त्यांना काका म्हणायचे. माणूस दिलदार, स्वतः सगळ्यांना सरबत पाजणारा, पण आवाज असा की समोरच्याने आपोआप मान डोलवावी. आदल्या रात्री नानांनी तापातच येऊन मुलाखती घेतल्या होत्या आणि काकांना विचारलं होतं, शेवटचं कधी घाबरलात?

"आपण? कधीच नाही."

"मग तुम्ही धक्क्यावर बसा," नाना म्हणाले.

सगळं कार्यालय हसलं. काकांनाही हसावं लागलं, पण ते त्यांना लागलं असावं.

सकाळी मालकांचा फोन. या गाडीचं जादा काहीच नाही, मागच्याचंही नव्हतं. "म्हातारा घाबरवतो, आणि तू बघत बसतोस. का तू पण तसलाच? मला भित्रा मॅनेजर नकोय. संध्याकाळी बेटदर्शन झालं नाही तर पुढच्या गाडीबरोबर दुसरा माणूस येईल, तू त्याच गाडीने परत ये." माझं लग्न व्हायचं होतं, वडील अंथरुणाला होते, आणि जतला परत जाऊन करण्यासारखं मला काही नव्हतं. हे सगळं खरं आहे, पण मी ते कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मला कशाची भीती वाटली तेवढंच सांगतोय.

दुपारी कार्यालयातला फोन वाजला. नाना होते. आवाज घोगरा.

"संध्याकाळी पुळणीचं म्हणतायत असं नानीने ऐकलं बाजारात. ऐक. पाचला सुकती आहे. जोराची. पोचलं का?"

काका माझ्याशेजारीच उभे होते, टॉवेल खांद्यावर टाकून.

"पोचलं, नाना," मी म्हणालो.

नानांनी फोन ठेवला. माझ्याकडून पोचलं असं ऐकल्यावर ते निर्धास्त झाले असणार. औषध घेऊन झोपले, असं नानी नंतर म्हणाल्या.

"काय म्हणतोय म्हातारा?" काकांनी विचारलं.

"पाचला सुकती आहे म्हणतात. जोराची."

"अरे वा!" काकांनी माझ्या पाठीत थाप मारली. "मग काय पाहिजे? जोरात सुकलंय म्हणजे रान मोकळं. चला रे, आवरा! म्हाताऱ्यानंच परवानगी दिली!"

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. काका, तसं नाही, सुकती म्हणजे ओढ असते, एवढंच. ते माझ्या तोंडात तयार होतं, मी ते पायरीवर म्हणूनही दाखवलेलं होतं. मी गप्प राहिलो. मला वाटलं, मी कुठे खोटं बोललो? नानांचा शब्द जसाच्या तसा सांगितला. पाणी तर वरून शांतच दिसतं. आजवर काही झालं नाही. घोट्याएवढंच असेल. असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि लोक टोप्या घालून, पिशव्या घेऊन बसमध्ये चढत राहिले.

खाडीवर पोचलो तेव्हा वाळूचा पट्टा अर्धा वर आला होता, ऊन पिवळं झालं होतं, फार सुंदर दिसत होतं सगळं. मधलं पाणी चमकत होतं आणि त्यावर कुठे लाट नव्हती. एक केळीचं पान मात्र त्या पाण्यावरून समुद्राकडे चाललं होतं. माणूस घाईत चालतो तितक्या वेगाने. ते पान मी बघितलं. काठावर जाळं आवरणारा एकजण "ओ, थांबा जरा!" असं ओरडला. काकांनी त्याला हात हलवून नमस्कार केला आणि उतरले.

पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं तोवर हशा चालू होता. मग पहिल्यांदा काकांचाच आवाज बदलला. ते खाली बसल्यासारखे झाले, दोघांनी त्यांना धरलं, आणि सगळे एकमेकांना धरून मागे ओढायला लागले. सगळ्यांच्या पुढे मिरजेच्या एक बाई होत्या. मुलांसाठी शिंपले न्यायचे म्हणून त्या एकट्याच पुढे गेल्या होत्या. त्यांना धरायला शेजारी कुणी नव्हतं. त्या पडल्या नाहीत. उभ्याच्या उभ्या, तोंड आमच्याकडे करून, आमच्यापासून लांब जायला लागल्या. साडीचा घोळ पाण्यावर फुगला होता. त्यांनी एकदाही हाक मारली नाही. मी काठावर होतो. मी घोट्याएवढ्या पाण्यात सुद्धा उतरलो नाही.

राजिवड्याच्या कोळ्यांनी होडी घातली म्हणून त्या वाचल्या. खाडीच्या तोंडापाशी एका जाळ्याच्या खांबाला त्यांनी मिठी मारली होती. खांबावरून त्यांचे हात सोडवायला होडीतल्या दोघांना बळ लावावं लागलं. दवाखान्यात त्यांना बघायला गेलो तेव्हा त्यांनी खाटेचा लोखंडी दांडा धरलेला होता. सलाइन लावायलाही हात देत नव्हत्या. डोळे माझ्याकडे होते, पण ओळख नव्हती त्यांच्यात. पुढे त्या बऱ्या झाल्या, घरी गेल्या. मी अजून कधीतरी स्वप्नात तो दांडा बघतो, बाई त्यात नसतात.

दुसऱ्या दिवशी मालक आले. कार्यालयात सगळे जमले. काका खाली मान घालून बसले होते, त्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या होत्या. मालकांनी विचारलं, चालू ओहोटीत माणसं उतरवली कुणी?

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात दारात नाना आले. तापातून उठून, घोंगडी पांघरून, मागे नानी. आणि मी त्यांच्याकडे बोट न करता, पण त्यांच्याचकडे बघत म्हणालो, "नानांनी फोन केला होता. सुकती आहे म्हणाले. आमच्याकडे सुकती म्हणजे सुकलेलं. मला वाटलं पाणी आटलंय."

"होय की," काका मान वर करून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात केवढी तरी सुटका होती. "आम्हाला पण तसंच वाटलं."

नाना माझ्याकडे बघत राहिले. पायऱ्या, कॉलर, छत्रीचं टोक, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. त्यांच्याही असेल असं मला वाटत होतं. आता म्हणतील, अरे, तुला तर मी पाण्यात उभं करून शिकवलं. मी त्या वाक्याची वाट बघत उभा होतो.

"सुकती म्हणालो मी?" नानांनी विचारलं.

"हो."

"नुसतं सुकती? ओहोटी नाही म्हणालो?"

"नाही, नाना."

नानी पुढे झाल्या. "अहो, पण तुम्ही दोनदा विचारता ना नेहमी? विचारलंत ना ह्याला?"

नानांनी त्यांना हाताने थांबवलं. मग मालकांकडे वळून, अगदी खात्यातल्या वरिष्ठासमोर उभं राहावं तसं घोंगडी सावरून म्हणाले, "माझं चुकलं. घाटावरच्या माणसाला हा शब्द द्यायला नको होता मी."

आणि ते वळून गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी सांगून 'पोचलं का' असं विचारलं नाही.

त्यांचं काम सुटलं, माझं राहिलं. पुढे मी सहलवाल्याला सोडून इथल्याच एका लॉजवर लागलो आणि रत्नागिरीचा झालो. गाव लहान, त्यामुळे नाना दिसत राहिले. मी दुसऱ्या गल्लीने जायचो, पण कानावर यायचं. त्यांनी घरातला फोन उचलणं बंद केलं होतं. वाजला की नानींना हाक मारत. आणि सुकती हा शब्द त्यांनी टाकला होता. एकदा मासळी बाजारात मी खांबाआड उभा राहून ऐकलं. एका कोळणीला ते म्हणत होते, "आज ओहोटी लवकर आहे. ओहोटी, म्हणजे पाणी समुद्राकडे ओढून नेणारी."

"काय ओ नाना," ती हसून शेजारणीला ढोसत म्हणाली, "आता आमाला शिकवनार काय समुद्र?"

नाना हसले नाहीत. "खात्री केलेली बरी," म्हणाले.

माझं लग्न राजिवड्याजवळच्याच मुलीशी ठरलं. नाना-नानींना बोलवायचं धाडस मला नव्हतं, पण सासरच्यांनी बोलावलं. नाना आले. माडाच्या झावळ्यांचा मांडव टाळून, उन्हात छत्री उघडून उभे राहिले. निघताना माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "बायको समुद्राकाठची केलीस. बरं झालं. आता शब्दांची अडचण यायची नाही तुला."

माझ्या हातातला हार खाली पडला. मी त्यांच्या चेहऱ्यात काही शोधत राहिलो. काही नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाने केलेली साधी थट्टा असेल. किंवा नसेल.

मी याचा फार विचार केला आहे. पायऱ्यांवरची ती दुपार नाना तापात विसरले असतील, तर आपल्या एका शब्दाने बाई बुडाली असती हे त्यांना खरोखर वाटतं, आणि जन्मभर जपलेली एकच गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घेतली. आणि विसरले नसतील, तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझं खोटं ओळखलं, आणि जाणूनबुजून ते ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. यातलं कुठलं खरं ठरलं तर मला हलकं वाटेल, ते मला ठरवता आलेलं नाही. विचारलं की कळेल. म्हणूनच विचारलं नाही.

आज माझी भाषा इथली झाली आहे. मुलांना हाका मारून सांगतो, सुकती लागलीय, पाण्यात जाऊ नका रे. बायकोला त्यात काही वावगं वाटत नाही. मी वाक्य पुरं करतो आणि आत जाऊन बसतो.

नानी गेल्या. नाना आता मालगुंडला मुलीकडे असतात. परवा ती बाजारात भेटली. म्हणाली, बाबांना ऐकू फार कमी येतं, मोठ्याने बोलावं लागतं. पण डोकं चांगलं आहे. मध्येच विचारतात, ती मिरजेची बाई पुढे बरी झाली ना? तुमची आठवण काढतात, या ना एकदा. मी येतो म्हणालो.

मालगुंड लांब नाही, गाडी काढली तर तासाभराचं काम. पण तिथे हे दबक्या आवाजात सांगता येणार नाही. मुलगी, जावई, नातवंडं, शेजारी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावं लागेल, आणि कदाचित दोन-तीनदा. मला अजूनही त्याची भीती वाटते. नानांनी बरोबर सांगितलं होतं आणि चूक माझी होती, एवढं मी त्यांना त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं लागतो. ते अजून आहेत, आणि मी ते अजून सांगितलेलं नाही.